केसभर तिरका

वूनसॉकेटला आम्ही राहतो ती इमारत
पूर्वी बुटांची गिरणी होती.
तिसऱ्या मजल्यावर, आता जिथे आमचा ओटा आहे,
तिथे रबर शिजायचं.
ऑगस्टात भिंती तापल्या की
फोडणीच्या वासाखालून गंधकाचा वास येतो.
घरमालक म्हणतो, भास आहे.

जोडे दाराबाहेर काढायची आमची रीत.
त्यावरून इमारतीच्या कमिटीची दोन पत्रं येऊन गेलेली.
म्हणून एका सकाळी दार उघडलं
आणि उंबऱ्याशी एक म्हातारी वाकलेली दिसली
तेव्हा मी आधी माफीच मागितली.
तिचं लक्ष नव्हतं.
तिच्या हातात माझ्या लेकीचा बूट होता,
काळ्या कॅनव्हासचा, घोटा झाकणारा,
घोट्यावर गोल शिक्का, शिक्क्यात उडी मारणारं हरीण.
अंगठा फिरवत ती म्हणाली, "सरळ आहे."
डॉक्टर रिपोर्ट वाचतात त्या आवाजात.

ल्युसिएन शार्बोनो. वय एक्याण्णव. खालच्या मजल्यावर.

तिनेच सांगितलं,
आधी इथे बर्फातले गमबूट व्हायचे.
बर्फ वितळला की काम वितळायचं,
क्वेबेकहून आलेली माणसं
उन्हाळाभर नदीकाठी बसून राहायची.
शिल्लक रबर होतं, तंबूचं कापड होतं,
आणि मुकादमाचा एक भाचा होता,
चर्चच्या तळघरात टोपलीत चेंडू टाकताना
सारखा घसरून पडणारा.
गरजवंताला अक्कल नसते म्हणतात.
इथे गरजवंताला पाय फुटले.
शिक्कासुद्धा शोभेचा नव्हता,
घोट्याचं हाड ठेचू नये म्हणून लावलेलं ठिगळ.
हरीण त्यावर पुढे कधीतरी आलं.

सतराव्या वर्षी ती शिक्के चिकटवायला लागली,
तासाला साठ.
भट्टीवर आल्फेज नावाचा मुलगा.
हिने चिकटवायचं, त्याने भाजायचं.
असा जमलेला जोडा
पाद्रीसमोर उभा राहायला मात्र चार हिवाळे लागले.

बाकी मुली शिक्का सरळ लावायच्या.
ही हरणाचं नाक केसभर वर करायची,
तपासनिसाला दिसू नये इतकं,
आपल्याला दिसावं इतकं.
शनिवारी शाळेच्या जिममध्ये सामना असला
की अख्खं गाव चेंडू बघायचं.
ही घोटे बघायची.
तो लाल केसांचा, माझा.
तो लंबू, डावा माझा, उजवा इर्माचा.
एकदा शेवटच्या सेकंदाला कुणीतरी बास्केट केलं
आणि लोक बाकांवर चढून ओरडले.
तिने ते बास्केट पाहिलं नाही.
तिने पाहिलं, आपली दोन हरणं
लाकडी जमिनीवरून उठली
आणि बराच वेळ खाली आलीच नाहीत.

पुढचं काय सांगायचं.
चामडं आलं. जाहिराती आल्या.
एका सोमवारी भोंगा वाजला नाही.
यंत्रं भंगारात गेली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या,
आणि नाव विकलं गेलं.
नुसतं नाव! मग ते पुन्हा विकलं गेलं,
कुणाला, ते तिला आठवत नाही.
आल्फेजला शेवटपर्यंत हे पटलं नाही.
पेपर घडी करून म्हणायचा,
नावच विकायचं होतं
तर मी एवढी वर्षं भाजत काय होतो?

माझी लेक बास्केटबॉल खेळत नाही. चेलो वाजवते.
वर्गात सगळ्यांकडे आहेत, म्हणून तिला हवे होते.
रबराच्या पांढऱ्या कडेवर तिने निळ्या पेनाने
मासे काढलेत, एक भूमितीचं सूत्रही.
म्हातारीने ते नीट वाचलं,
बूट हुंगला, नाक मुरडलं, जागेवर ठेवला,
आणि कॉफीला नको म्हणून निघून गेली.

कमिटीची अध्यक्ष तीच, हे मला नंतर कळलं.
दोन्ही पत्रं तिच्याच हातची.

तिसरं अजून आलेलं नाही.
पण रात्री भिंतीला चिकटून सरळ लावलेले बूट
सकाळी तसे नसतात.
डाव्याचं टोक
थोडंसं वर, दाराच्या चौकटीवर टेकवलेलं असतं.